चुलीसमोरची खुर्ची

चमच्याला काहीतरी टणक लागलं. शेंगोळ्याचा कच्चा राहिलेला तुकडा असेल असं वाटून गंगारामनं तो वाटीच्या कडेला दाबला, पण तो दबला नाही. सुटून पुन्हा रश्शात गेला. बोटानं उचलून त्यानं तो खिडकीच्या उजेडात धरला – तपकिरी, करंगळीच्या नखाएवढा. मग नाकाशी नेला. हिंग.

हिंगाचा खडा. म्हणजे बरणीचा तळ आला.

काल संध्याकाळी आधणात तिखट घालताना चमचा बरणीच्या बुडाला घासल्याचा आवाज झाला होता, तेव्हा त्यानं लक्ष दिलं नव्हतं, की द्यायचं नव्हतं... करुणा वर्षाचं तिखट भरायची तेव्हा आधी तळाला हिंगाचे खडे टाकायची, मग तिखट, ते मुठीनं दाबून दाबून, आणि अगदी वर पुन्हा दोन-चार खडे, मग फडकं बांधून बरणी वरच्या फळीवर. तळाचे खडे त्याला कधी दिसले नव्हते, कारण तळ यायच्या आत नव्या उन्हाळ्याचं तिखट डंकावर कांडून आलेलं असायचं आणि जुनं-नवं एक करायचं काम ती कधी करायची कोण जाणे, तो कामावर असायचा. हे शेवटचं तिखट तिनं केलं त्या उन्हाळ्यात तिचं बारामतीला डायलिसिस सुरू झालं होतं. मीठ बंद, तिखट बंद, पाणीसुद्धा घोटा-घोटानं. आणि तरी ती इथं दारात गोणपाटावर बसून मिरच्यांचे देठ मोडत होती, मध्येच थांबून हाताला सूज आली का बघत होती, पुन्हा देठ मोडत होती. जे आपल्या जिभेला लागणार नाही ते.

खडा टाकवेना. त्यानं तो ताटाच्या कडेला ठेवला.

शेंगोळे दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. थंडीच्या दिवसांत सकाळी हुलग्याचा तो घट्ट रस्सा गरम करून प्यावा, लसूण नाकात जावा, अंगातला गारठा निघून जावा... त्याचे स्वतःचे शेंगोळे मात्र बोटाएवढे जाड होतात आणि मध्ये पिठूळ राहतात. तिचे बारीक असायचे, सगळे एका मापाचे. कारखान्यात टर्नर म्हणून सारा जन्म लेथवर गेला, लोखंड एका मापात आणायची सवय त्याच्या हाताला होती, पण पीठ हाताखाली कुठं जाईल ते त्याला कळत नव्हतं.

फोन वाजला. मुलगा होता, सुमित, बारामतीहून.

"पप्पा, आवरलं का? निघतोय आम्ही. आज बाहेरच जेवू. पळसदेवला, तुमच्या त्या हॉटेलात."

"कशाला उगीच?"

"रविवार आहे, चला की. आणि पुण्यानुमोदनाचं ठरवू. आईला वर्ष होतंय, म्हस्कूमामाला आज सांगितलं तर तो मोकळा आहे, नंतर त्याला लग्नांच्या पंगती आहेत. नेहमीचा स्वयंपाक आहेच, पण एक पदार्थ आईच्या आवडीचा ठेवू असं अंजली म्हणतेय. काय ठेवायचं?"

गंगारामच्या हातात वाटी होती.

"शेंगोळे," तो म्हणाला.

"शेंगोळे? बरं. सांगतो मामाला."

फोन ठेवल्यावर तो वाटी घेऊन तसाच बसून राहिला. इतकं पटकन कसं आलं तोंडात? समोर होतं म्हणून आलं. जेवणाच्या सुट्टीत कुणी काय खाल्लं विचारलं की डब्यात असेल ते सांगावं, तसं. पण चुकीचं तरी काय आहे त्यात – थंडी पडली की घरात शेंगोळे होतच. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, स्टोव्हवर, मग गॅसवर, मग इथं इंदापूरला स्वतःच्या दोन खोल्यांत. आवडल्याशिवाय कोणी सारा जन्म करत राहील का?

रस्सा गार व्हायला लागला होता, वर साय धरत होती. त्यानं उरलेला पिऊन टाकला आणि खडा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

गाडीत अंजलीनं त्याला आग्रहानं पुढं बसवलं. सून एका शाळेत शिकवते, बोलते कमी, पण जे बोलते ते पुसून टाकता येत नाही. सोलापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टरवर गाणी, ट्रॉलीवर ऊस आणि उसावर शालीत गुंडाळलेली माणसं. सुमितनं गाडी चालवता चालवताच आचाऱ्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"शेंगोळं?" म्हस्कूचा आवाज गाडीभर झाला. "आरं सुमित, पंगतीला शेंगोळं कुनी करतं का? वळायला बाया कुटनं आनू मी? जिलेबी ठिव. जिलेबीला कुनी नाव ठिवत न्हाय."

"मामा, आईच्या आवडीचं पाहिजे."

"तुज्या आयला शेंगोळं आवडायचं?" म्हस्कूनं विचारलं. "मला वाटलं गंगारामरावांस्नी आवडत्यात. बरं, संध्याकाळपतुर पक्कं सांग. बायांस्नी निरोप धाडाया लागंल."

सुमित हसला. मागून अंजली म्हणाली, "पप्पा, खरंच आवडायचे का आईंना?"

"का बरं?"

"नाही, मला त्या म्हणाल्या होत्या, हुलग्यानं छातीत जळजळतं. आमच्याकडे आला होतात तेव्हा मी केले होते बघा. तुम्ही दोनदा मागून घेतलेत. आईंनी ताक-भात खाल्ला."

"आजारी असेल तेव्हा."

"आजाराच्या आधी. आमच्या लग्नानंतरची पहिली थंडी."

गंगाराम समोर बघत राहिला. ट्रॉलीतून एक ऊस निसटून रस्त्यावर पडला, मागच्या गाड्यांनी तो चिरडला, आणि गोड, हिरवट वास काचेतून आत आला... जळजळतं. त्याला ती हे कधी म्हणाली नव्हती. की म्हणाली होती आणि आपण दुसरं काहीतरी ऐकत होतो? त्यानं त्या क्वार्टरमधली एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. ती येते, लगेच येते: बाहेर धुकं, कारखान्याचा भोंगा, आत पिवळा दिवा, त्याच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पुढ्यात वाटी, वाटीतून वाफ. करुणाचे हात दिसतात. पळी दिसते. स्टोव्हला पंप मारताना हलणारी पाठ दिसते. "अजून घ्या की, हाय भरपूर." आवाजही येतो. पण तिचं ताट दिसत नाही. कुठल्याच संध्याकाळी तिचं ताट दिसत नाही. मी जेवून उठायचो, हात धुऊन कॉटवर बातम्या लावायचो, आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा. त्या आवाजात कुठंतरी ती जेवत असणार.

"आईला मासे आवडायचे," सुमित म्हणाला. "त्यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे? म्हणून तर पप्पा तिला इथं आणायचे."

"मासे कुठं, शेपटीचा तुकडा खायची ती," गंगाराम म्हणाला.

म्हणाला आणि थबकला. शेपटीचा तुकडा. 'मला शेपूटच आवडतं, चुरचुरीत लागतं.' भाताची खरवड. 'खरवडच गोड लागती मला, तुमी वरचा घ्या.' काठाला फाटलेली भाकरी. कालची मेथी. दुधाच्या पातेल्याला चिकटलेली साय. तिला आवडायच्या अशा म्हणून जेवढ्या गोष्टी त्याला सांगता येत होत्या, त्या सगळ्या कोणीतरी खाऊन झाल्यावर उरलेल्या होत्या. त्या तिला खरोखरच आवडत असतील. खरवड चांगली लागतेच. पण हे म्हस्कूला कसं सांगायचं – शंभर माणसांना खरवड कर म्हणून?

हॉटेल पुष्कळ बदललं होतं. पुढं काचा आल्या होत्या, माशाचं चित्र काढलेला मोठा फलक आला होता, गाड्या लावायला जागा केली होती. पण दर्शनी बाजूची चूल तशीच ठेवली होती, लोकांना दिसावी म्हणून. मागच्या बाजूला तोच मोकळा ओटा, तीच लोखंडी टेबलं, आणि पलीकडे धरणाचं पाणी, भरलेलं, थंडीनं निळसर.

याच टेबलाशी ते बसायचे. थंडीत, बोनस झाला की एका रविवारी, वालचंदनगरहून स्कूटरवर. ती मागं शालीत घट्ट, वाऱ्यानं तिच्या नाकाचा शेंडा लाल. तो पाण्याकडं तोंड करून बसायचा. पाण्याच्या आत त्याचं जुनं पळसदेव होतं. लहानपणी धरण झालं आणि घरं, वस्ती, विहीर सगळं आत गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर तरी वर येतं, हिवाळ्यात काहीच दिसत नाही, तरी तो दर वेळी बोट करून तिला दाखवायचा – ते तिकडं आमचं घर होतं, त्याच्या अंगाला विहीर... आणि ती मान वळवून बघायची, जिथं नुसतं पाणी होतं तिथं, आणि म्हणायची, "व्हय, सांगितलंय तुमी." मग समोर वळायची. बसताना ती कायम म्हणायची, "तुमी बसा तितं. तुमचं गाव दिसतंय तुमास्नी."

आज त्या खुर्चीवर अंजली बसली. पाण्यावर दूर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ होती, तिला फोटो काढायचे होते. सुमित तिच्या शेजारी बसला. गंगाराम समोरच्या खुर्चीवर बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की या खुर्चीवरून पाणी मुळीच दिसत नाही.

इथून चूल दिसत होती.

मधल्या दारातून सरळ, मोकळी. एक म्हातारी बाई काठवटीत बाजरीचं पीठ मळत होती. गोळा केला, थापला, दोन्ही हातांनी फिरवत फिरवत मोठा केला, उचलून तव्यावर टाकला, वर पाण्याचा हात फिरवला. मग उलटली. मग काढून चुलीच्या तोंडाशी आरावर, लाल निखाऱ्यांवर उभी केली – आणि भाकरी हळूहळू फुगली, एका बाजूनं, मग सगळी, पोटात वारा भरल्यासारखी. वाढप्यानं ती तशीच उचलली आणि जवळच्या टेबलावर एका बाईच्या ताटात टाकली. बाईनं पापुद्रा फोडला, वाफ आली, तिनं बोटं झटकली, फुंकली आणि पहिला घास तसाच कोरडा तोंडात टाकला.

गंगाराम त्या अनोळखी बाईकडं बघत राहिला. फार वेळ बघितलं असावं, कारण तिनं पदर सारखा केला. त्यानं नजर खाली केली.

मला वाटायचं, तिनं पाण्याची खुर्ची माझ्यासाठी सोडली. इतकी वर्षं मला असंच वाटत आलं, आणि मनात बरंही वाटायचं...

"काय टर्नर!" गल्ल्यावरून आप्पासाहेब उठून आला. हॉटेल त्याचं. केस पिकले होते, आवाज तोच. "किती वर्सांनी! सांगा, रस्सा आमचा भारी का घरचा? आरं पोरांनो, हे येत्यात ते जेवायला न्हाय, आमास्नी नापास करायला येत्यात. सगळं चाटूनपुसून खानार आन् उठताना म्हननार, 'छान हाय, पर आमच्या घरच्याची सर न्हाय!'" तो मोकळा हसला. "वहिनींनी काय जादू केलीय म्हनायची... आज आनल्या न्हाईत वहिनी?"

सुमितनं पाण्याचा ग्लास सरकवला. "आई गेल्या थंडीत गेली, काका."

आप्पासाहेबाचा हात टेबलावर होता, तो त्यानं उचलला आणि कुठं ठेवावा ते न सुचल्यासारखा खिशात घातला. "आयला... कळलंच न्हाय मला. काय सांगावं आता." मग वाढप्याला, उगीच रागावून, "आरं, चिलापी गरम आन हितं. भाकरी आधी ह्यांस्नी दे."

घरच्याची सर नाही. हो, असंच म्हणायचो. मोठ्यानं म्हणायचो, शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल असं, आणि म्हणताना तिच्याकडं बघायचो. ती मान खाली घालायची. लाजली, असं वाटायचं. बायकोचं कौतुक चार माणसांत करणारे किती असतात? जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या लेथवरचा मानसिंग गंगारामच्या डब्यातली भाजी बोटानं उचलून म्हणायचा, "गंगाराम, लेका, तुला हॉटेलची काय गरज, तुझ्या घरातच हॉटेल हाय," आणि त्याला ते इतकं आवडलं होतं की घरी येऊन त्यानं ते करुणाला सांगितलं होतं. ती भाकऱ्या थापत होती. "व्हय का," म्हणाली होती. निवृत्तीनंतर इंदापूरला आल्यावर तर हॉटेल मागंच पडलं. तिनं एका थंडीत विषय काढला होता – "तिकडं नाय गेलो आपण औंदा." आणि मी म्हणालो होतो, अगदी मनापासून म्हणालो होतो, "कशाला? त्यांना कुठं येतंय तुझ्यासारखं." त्या दिवशी तिनं भरलं वांगं केलं होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

भाकरी आली. आरावरची, एका जागी काळा डाग, फुगलेली. त्यानं पापुद्रा फोडला. बोटं भाजली. तळलेल्या चिलापीवर रवा चुरचुरीत होता, रस्सा तांबडा, तिखट, घशाला झोंबणारा. सुमित खाता खाता म्हणाला, "कसाय?" आणि मग तिघंही थोडे थांबले, कारण ते वाक्य यायची जागा होती.

"चांगलाय," गंगाराम म्हणाला.

गेल्या थंडीतली गोष्ट... ती आता कॉटवरच असायची. एका सकाळी ऊन अंगावर घेत म्हणाली होती, "एकदा तिकडं जाऊ या का हो? पळसदेवला." डॉक्टरांनी बाहेरचं सगळं मना केलं होतं, चार पावलांत तिला धाप लागत होती, गारठा असा की धडधाकट माणूस खोकावा, कोणीही नाहीच म्हणालं असतं. तो नाही म्हणाला. पण मन खाऊ लागलं, म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटा इथवर आला, मासे बांधून घेतले, भाकरी कागदात, रस्सा पिशवीत, आणि घाईघाईनं परत नेलं. इंदापूरला पोचेपर्यंत सगळं गारढोण. भाकरी वाफ धरून मऊ आणि ओली झाली होती, ती त्यानं तव्यावर गरम केली तर कडक झाली. ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आनलंत व्हय. कशाला तरास घेतलात." एक तुकडा मोडून तोंडात धरून बसली, बराच वेळ चघळत. मला बरं वाटलं होतं. तिची इच्छा झाली, असं मी सुमितला फोनवर सांगितलं होतं.

तिनं मासे मागितले नव्हते. 'जाऊ या का' म्हणाली होती.

जेवण झाल्यावर सुमित पैसे द्यायला गेला, अंजली पाण्याच्या काठाशी उतरली. गंगाराम हात धुऊन चुलीशी गेला. धुरानं डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीनं वर पाहिलं.

"काय पायजे, तात्या?"

"काही नाही. तुम्ही पहिल्यापासून आहात का इथं?"

"हाटेल बांधलं तवापासनं. बानूबाई म्हनत्यात मला. माजा फोटू बी हाय त्या फळ्यावर, बगितला न्हाय व्हय? माशाच्या शेपटाखाली." ती हसली, दात थोडेच होते. तिच्या मांडीशी पितळीत सकाळची असावी अशी एक भाकरी होती, अर्धी खाल्लेली, आणि शेजारी ठेचा.

"माझ्याबरोबर बाई यायच्या. पुष्कळ वर्षांपूर्वी. थंडीत. त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायच्या, इकडं तोंड करून."

बानूबाईनं भाकरी उलटली. "लई मानसं येत्यात तात्या. कसं ध्यानात ऱ्हाईल." मग थापता थापता म्हणाली, "येक होत्या बगा हिरव्या शालीतल्या. मालक त्यांचा पान्याकडं जायचा तंबाखू मळत, जेवन झाल्याव. की बाई उटून हितं. म्हनायच्या, 'बानूबाय, येक द्या. ताटात नगं, हातातच द्या.' आन् हितंच हुबं ऱ्हाऊन कोरडीच खायाच्या, काय बी न लावता. तोंड भाजायचं, तरी हासायच्या. म्या म्हनायची, आवं रस्सा तरी घ्या. तर म्हनायच्या, नगं, रस्सा हाय घरी."

गंगारामचा हात आपोआप खिशाकडं गेला. तंबाखूची डबी डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी सुटली होती.

"त्याच का तुमच्या?" बानूबाईनं विचारलं.

शाल होती. ती पाठीला लागायची, स्कूटरवर, लोकर टोचायची, हे त्याला आत्ताही पाठीवर कळत होतं. पण ती मागं बसायची. रंग... हिरवी होती? का तपकिरी? तिचे कपडे वाटून टाकले तेव्हा त्यात शाल होती का? मागं वळून विचारता आलं असतं. सुमितला आठवत असेल, अंजलीला नक्कीच. पण ते म्हणाले असते, नाही पप्पा, तपकिरी होती, तर ती हसणारी बाई दुसऱ्या कोणाची तरी झाली असती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"आसंल बी," बानूबाई म्हणाली, आणि भाकरी आरावर उभी केली. "येक देऊ का? हातात?"

"नको. पोट भरलंय."

घरी सोडताना सुमितनं गाडी बंद केली नाही. "पप्पा, मग मामाला काय सांगू?"

"सांगतो मी संध्याकाळी."

"काही लागलं तर फोन करा," अंजली म्हणाली, आणि मग, "मी तसं म्हणायला नको होतं का, शेंगोळ्यांचं?"

"नाही, नाही. बरं केलंस."

ऊन उतरलं तसा गारठा वाढला. खरं तर भूक नव्हती. तरी गंगारामनं परातीत बाजरीचं पीठ घेतलं, कोमट पाणी घातलं. या वर्षात तो भाकरी करायला शिकला होता, म्हणजे गोल नसलेली, पण खाता येणारी एक वस्तू करायला शिकला होता. रोज दोन करायचा, तव्यावरून काढून एकावर एक ठेवायचा, मग बसून जेवायचा. पहिली भाजून त्यानं ताटात ठेवली. ती फुगली नाही. दुसरीचा गोळा घेतला, थापली, काठ फाटला, तो पाण्यानं सांधला, तव्यावर टाकली, उलटली, तवा बाजूला करून थेट जाळावर धरली. तेवढ्यात कोपर ताटातल्या पहिल्या भाकरीला लागलं.

ती गार झाली होती.

एवढ्यात? त्यानं तळवा ठेवून पाहिलं. गार. रोज होत असणार, रोजच. पण रोज तो दोन्ही झाल्यावर बसायचा आणि वरची आधी घ्यायचा, त्यामुळे खालचीचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. करणाऱ्याला एकच गरम मिळू शकते, सगळ्यात शेवटची. आणि शेवटची तर ती आतून आणून माझ्या ताटात टाकायची. "ही घ्या अर्धी तरी, आत्ताची हाय." मी पोट भरलेलं असताना ती खायचो, तिनं एवढी आणली म्हणून.

जाळावरची भाकरी एका बाजूनं उचलली गेली. मग, त्याचा विश्वास बसेना, पण सगळीच फुगली. त्यानं ती ताटात टाकली नाही. हातातच घेतली, या हातातून त्या हातात केली, पापुद्रा फोडला आणि कोरडा घास तोंडात टाकला. जीभ भाजली. नुसत्या बाजरीची चव – गोडसर, थोडी कडू, धुराशिवायची. तो ओट्याशी उभा राहून चावत राहिला, आणि यात हसू येण्यासारखं काय आहे ते शोधत राहिला. आलं नाही. पण घसा उबदार होत गेला, छातीपर्यंत.

फोन वाजला.

"पप्पा, म्हस्कूमामा खोळंबलाय. शेंगोळेच ना?"

"नको, शेंगोळे नको."

"मग?"

"गरम भाकरी," तो म्हणाला. "आरावरची. ज्याच्या त्याच्या हातात, गरम."

"पप्पा, एवढी माणसं. प्रत्येकाला गरम कशी पुरवणार? पाच-सहा बायका चुलीशी बसवाव्या लागतील दिवसभर."

"हां."

पाच-सहा बायका. त्यांच्या मांडीशी पितळीत सकाळची भाकरी, अर्धी खाल्लेली. गंगारामला ते आधी सुचलं नव्हतं.

"आईला भाकरी आवडायची?" सुमितचा आवाज जरा खाली आला. "एवढी साधी गोष्ट, मला कसं माहीत नाही?"

"मलाही माहीत नाही रे," गंगाराम म्हणाला. असं तो आज दुसऱ्यांदा म्हणत होता, आणि सकाळी 'शेंगोळे' म्हणताना जेवढी खात्री होती तेवढी आता कशाचीच उरली नव्हती. "थांब जरा. म्हस्कूला म्हणावं, उद्या सांगतो."

"उद्या काय वेगळं कळणार आहे?"

त्यानं फोन ठेवला. हातातली भाकरी संपली होती, कधी संपली कळलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तो सकाळचा हिंगाचा खडा होता, वाळून आणखी टणक झालेला. त्यानं तो बरणीत टाकला, बुडाशी खडकन् वाजला. मग नेहमीची खुर्ची, खिडकीकडं तोंड असलेली, त्यानं फिरवली. आता समोर विझलेला गॅस होता आणि तवा, आणि तव्याच्या पुढची ती जागा, जिथं उभं राहिलेल्या माणसाची त्याला आजवर पाठच दिसली होती. त्यानं ताट मांडीवर घेतलं. पहिली भाकरी, न फुगलेली, गार. तुकडा मोडला. तो लवकर चावला जात नव्हता, आणि त्यालाही घाई नव्हती.